सँ-दनीत राहायला येताय? मग सामान लावायच्या आधी हे वाचा

सँ-दनी म्हणजे पॅरिसच्या उत्तरेला लागून असलेलं गाव. सगळ्यात आधी त्याचं नाव नीट म्हणायला शिका. स्पेलिंग बघून आपण सगळेच 'सेंट डेनिस' म्हणतो, मीही सांगलीहून येताना तेच घोकत आले होते, आणि स्टेशनवरच्या काउंटरवर तीनदा सेंट डेनिस म्हणून झाल्यावर तीनदा 'पार्दों?' ऐकलं, शेवटी फोनवर टाइप करून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, आआह, सँ-दनी! तर 'सँ' नाकातून आणि शेवटचा स गिळून टाकायचा. इथल्या रहिवाशाला दिओनिझियँ म्हणतात, हा शब्द पाठ केलात तर शेजारचे म्हातारे आजोबा एकदम खूश होतात.

आणि पत्ता लिहिताना पिनकोड कधीही विसरू नका. गावाचा ९३२००, दक्षिणेकडच्या ला प्लेन भागाचा ९३२१०. पॅरिसमध्ये र्‍यू सँ-दनी नावाचा रस्ता आहे, फोबूर सँ-दनी आहे (आपली इंडियन दुकानं असलेला रस्ता तो हाच), आणि हिंदी महासागरात रेयुनियों नावाचं फ्रेंच बेट आहे त्याच्या राजधानीचं नावही सँ-दनीच, त्यामुळे ऑनलाइन हॉटेल बुक करताना एकदा नकाशा उघडून बघा, हसू नका, होतं असं.

आता तो ९३. हा सेन-सँ-दनी जिल्ह्याचा नंबर, जिल्हा १९६८ मध्ये झाला, मुख्यालय मात्र बोबिन्यीला. पॅरिसमधल्या कलीगला सांगितलं की मी नाइंटीथ्रीमध्ये घर घेतेय तर भुवया वर जातात, 'अगं तिकडे कशाला?' असं होतं. त्यातले निम्मे लोक इथे फक्त मॅच बघायला आलेले असतात, तेही स्टेशन ते स्टेडियम आणि परत. माझं म्हणणं असं की गाव आहे तसं ओळखून घ्या, त्यात खटकणार्‍या गोष्टी पण आहेत त्या खाली सांगतेच, पण आठशे-हजार वर्षं फ्रान्सचे राजे मेल्यावर जिथे यायचे ते हे गाव आहे, आणि जिवंतपणी कामासाठी सगळ्या जगातून लोक जिथे आले तेही हेच. तुम्ही त्या दुसर्‍या रांगेतले.

पायरी १: येणं-जाणं

घर शोधायच्या आधी मेट्रो समजून घ्या कारण घर कुठे घ्यायचं हे त्यावरच ठरतं. गावाच्या मधोमध लाइन १३ जाते, स्टेशनं चार: कारफूर प्लेयेल, पोर्त द पारी, बाझिलिक (म्हणजे इथलं मोठं जुनं चर्च), युनिव्हर्सिते. ही लाइन भयानक भरते, सकाळी आठला विरार लोकलची आठवण आली तर नवल नाही. आणि मोठी गोम अशी की पॅरिसकडून येताना ला फूर्श नावाच्या स्टेशनला ती दोन फाट्यांत फुटते, एक फाटा आपल्याकडे आणि दुसरा आनिएर-जेनव्हिलिएकडे. म्हणून प्लॅटफॉर्मवर बोर्ड वाचल्याशिवाय चढायचं नाही. मी पहिल्या आठवड्यात दोनदा जेनव्हिलिएला जाऊन आले, दुसर्‍यांदा तर हातात दहा किलो तांदूळ होता.

२४ जून २०२४ पासून लाइन १४ सँ-दनी प्लेयेलपर्यंत आली आणि तिने सगळं चित्रच बदललं, ड्रायव्हर नसलेली गाडी, मधल्या पॅरिसमधून थेट ऑर्ली विमानतळापर्यंत. स्टेशनही बघण्यासारखं आहे, केंगो कुमा या जपानी आर्किटेक्टने केलंय, आत लाकूडच लाकूड.

एर-ऊ-एर (RER) म्हणजे लांब पल्ल्याची लोकल समजा, त्यात गोंधळ होतो तो असा: 'सँ-दनी' स्टेशन लाइन डीवर आहे, 'स्ताद द फ्रान्स सँ-दनी' हेही डीवर, पण 'ला प्लेन स्ताद द फ्रान्स' हे बीवर आहे, आणि शार्ल द गोल विमानतळाला जाते ती बी. विमानतळावरून येताना जी गाडी मधे न थांबता थेट पॅरिसच्या गार द्यू नोर या मोठ्या स्टेशनला जाते ती ला प्लेनला थांबत नाही, स्क्रीनवर स्टेशनांची यादी बघून बसा.

ट्राम तर आपल्या घरचीच. पॅरिस भागातल्या जुन्या ट्राम १९३८ पर्यंत सगळ्या बंद झाल्या होत्या, त्या परत आल्या १९९२ मध्ये, याच टी१ मार्गावर. किराणा आणायला तुम्ही हिच्यातच बसणार आहात.

महिन्याचा पास म्हणजे नाविगो, नव्वद युरोच्या आसपास, त्यात मेट्रो, ट्राम, बस, लोकल आणि विमानतळसुद्धा. नोकरी असेल तर निम्मे पैसे कंपनीला द्यावेच लागतात, एचआरने आपणहून सांगितलं नाही तर विचारा. विद्यार्थी असाल आणि वय २६ च्या खाली तर इमाजिनार नावाचा वर्षाचा पास काढा, खूप स्वस्त पडतो.

पायरी २: घर

यात घाई करू नका हे सांगायला सोपं आहे, मी स्वतः घाई केली होती. गावाच्या मध्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये खोली बघायला गेले, भिंत नुकतीच पांढरी केलेली, ताज्या रंगाचा वास, मालक फार गोड बोलत होता. नोव्हेंबर लागला आणि कपाटामागून काळे ठिपके वर यायला लागले, मग पलंगामागून, मग उशीला कुबट वास. बुरशीवरच रंग मारला होता. तेव्हा खोली बघताना कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खिडकीच्या खालच्या कोपर्‍यात बोट फिरवा, बाथरूमला हवा जायला जाळी आहे का बघा, आणि दुपारच्या उन्हात नको, पावसाच्या दिवशी बघायला मिळालं तर उत्तम. जुन्या इमारतींचं हे इथलं खरं दुखणं आहे, अशा खोल्या लुबाडून भाड्याने देणार्‍यांना फ्रेंचमध्ये 'झोपेचे व्यापारी' म्हणतात, शब्द बघा कसा चपखल.

चांगली गोष्ट म्हणजे १ जून २०२१ पासून सँ-दनी आणि आजूबाजूच्या गावांत भाड्याला वरची मर्यादा आहे. एरिया, खोल्यांची संख्या, बिल्डिंग कधीची आणि फर्निचर आहे की नाही यावरून दर चौरस मीटरचा आकडा ठरतो, ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये पत्ता टाकला की दिसतो. करारात तो आकडा लिहिलेला हवा. नसेल तर विचारा, मालकाचा चेहरा बघूनच बरंच कळतं.

डिपॉझिट रिकाम्या घराला एक महिन्याचं, फर्निश्डला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं. आपल्याकडे मुंबईत-पुण्यात जे सहा-सहा महिन्यांचं मागतात तसं कोणी मागितलं तर उठून या. 'गारां' म्हणजे जामीन राहणारा माणूस मागतात, आपलं कोण असणार इथे, त्यावर उपाय म्हणजे व्हिझाल, ही सरकारमान्य फुकट हमी आहे, तिशीच्या आत असाल तर सहज मिळते, घर शोधायच्या आधीच तिचं सर्टिफिकेट काढून ठेवा. किल्ल्या घेताना 'एता दे लिय' नावाचा कागद भरतात, म्हणजे घराची आत्ताची अवस्था, त्यात प्रत्येक ओरखडा लिहा आणि फोटो काढा, सोडताना याच कागदावर भांडण होतं. घराचा इन्शुरन्स भाडेकरूला सक्तीचा आहे. आणि काफ (CAF) या सरकारी भत्ते देणाऱ्या ऑफिसची घरभाडे मदत, तिचा अर्ज राहायला आलात त्याच महिन्यात टाका, मागच्या महिन्यांचे पैसे ते देत नाहीत, मी 'नंतर निवांत करू' म्हणत दोन महिने घालवले आणि ते गेले ते गेलेच.

भाग कुठला? बाझिलिकच्या आसपास सगळं पायाखाली पण गजबज आणि रात्री गोंगाट. युनिव्हर्सितेकडे विद्यार्थी. तिथलं पारी ८ विद्यापीठ १९६८ च्या आंदोलनानंतर व्हँसेनच्या जंगलात सुरू झालं होतं, १९८० मध्ये उचलून इथे आणलं. प्लेयेलकडे लाइन १४ मुळे सध्या सगळ्यांचा डोळा, ऑलिंपिकच्या वेळी खेळाडू राहिले ती वसाहतही तिकडेच सेन नदीच्या काठाला, आता तिथे घरं आणि ऑफिसं होतायत. ला प्लेन म्हणजे ऑफिसांचा भाग, आयटीवाले आपले बरेच लोक तिथे कामाला, पण संध्याकाळी सातनंतर काही गल्ल्या एकदम सुनसान. २०२५ च्या जानेवारीपासून शेजारचं पिएरफित पण सँ-दनीत विलीन झालंय, जाहिरातीत 'सँ-दनी' लिहिलेलं घर प्रत्यक्षात तिकडे असू शकतं, मेट्रोपासून किती लांब ते बघा.

पायरी ३: बाजार

मंगळवार, शुक्रवार, रविवार, सकाळी. यातला रविवार खरा. १८९३ सालचा लोखंडी छपराचा मोठा हॉल आहे, आत मटण, मासे, चीज, ऑलिव्हच्या परातीच्या पराती, आणि बाहेर चौकभर भाजी, कपडे, भांडी, मोबाइलची कव्हरं. आवाज असा की मंडईची सवय असलेल्या माणसाला पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटतं, 'आले आले, अं युरो, अं युरो!' (म्हणजे चला चला, एक युरो)

आता कामाचं. रवा हवा असेल तर 'समूल फिन' मागा, बारीक. मी पहिल्यांदा नुसतं समूल बघून पिशवी उचलली, ते निघालं कुसकुस, त्याचा शिरा केला, साजूक तूप घालून, वेलची घालून, आणि तो वाळू घातल्यासारखा झाला, फेकवेना म्हणून तीन दिवस खाल्ला. बेसन म्हणजे 'फारीन द प्वा शिश'. मसूर डाळ 'लांतीय कोराय' नावाने मिळते. 'प्वा कासे' म्हणजे सोललेले वाटाणे, पिवळेही मिळतात, ते हरभरा डाळ समजून पुरणाला घेऊ नका. भेंडीला इथले आफ्रिकन लोक गोंबो म्हणतात. कोथिंबीर आणि पुदिना पॅरिसच्या सुपरमार्केटमध्ये प्लास्टिकच्या डबीत चार काड्या मिळतात, इथे हातात मावणार नाही अशी जुडी.

कढीपत्ता, तुरीची डाळ, पोहे यासाठी टी१ ट्रामने ला कुरनव्हला जा, ८ मे १९४५ नावाच्या स्टॉपला उतरा, तमिळ आणि इतर देशी दुकानं आहेत. नाहीतर पॅरिसमध्ये ला शापेल. तिथल्या श्रीलंकन तमिळ लोकांच्या गणेश मंदिराचा रथ ऑगस्ट अखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला निघतो, रस्त्यावर नारळांचा खच पडतो, ढोल-ताशा नसला तरी पहिल्या वर्षी बाप्पा बघून मला रडू आलं होतं, सांगून ठेवते.

पायरी ४: एक अर्धा दिवस बाझिलिकला द्या

कागदपत्रांची घाई असते म्हणून लोक हे पुढे ढकलतात आणि दोन वर्षं होतात. असं करू नका, पहिल्या महिन्यातच जा.

गोष्ट अशी. सँ दनी हा पॅरिसचा पहिला बिशप, तिसर्‍या शतकातला. रोमन लोकांनी त्याचं डोकं उडवलं, आणि दंतकथा अशी की तो आपलं डोकं हातात घेऊन मोंमार्त्रहून उत्तरेला चालत आला आणि पडला तिथे पुरला. आपल्याकडे पुरंदरला मुरारबाजीचं धड लढत राहिलं म्हणतात ना, तशातलाच प्रकार, फक्त हा लढला नाही, चालला. त्या थडग्यावर आधी छोटं देऊळ, मग मठ, आणि ६३९ मध्ये दागोबेर राजाला इथे पुरलं तेव्हापासून राजांची इथे रांग लागली, चाळीसच्या वर राजे आहेत.

बाराव्या शतकात सुजे नावाचा मठाधिपती आला. त्याला काळोखी दगडी चर्च नको होतं, उजेड हवा होता. त्याने टोकदार कमानी, बारीक खांब, मधे रंगीत काचा असं बांधून घेतलं, दर्शनी भाग ११४० मध्ये आणि गाभारा ११४४ मध्ये पूर्ण. हीच गॉथिक शैलीची सुरुवात मानतात. म्हणजे मुंबईत सीएसएमटीच्या किंवा राजाबाई टॉवरच्या टोकदार कमानीखालून तुम्ही कधी गेला असाल तर त्या कमानीचं माहेर हे आहे. सकाळी ऊन असताना जा, काचेतले निळे-लाल डाग फरशीवर सरकत असतात.

पुढचा मोठा हॉल फुकट आहे, राजांच्या समाध्यांना तिकीट. २६ च्या आत असाल आणि इथलं रेसिडेन्स कार्ड असेल तर तेही लागत नाही. आत सत्तरच्या वर दगडी पुतळे आडवे झोपलेत, पायाशी कुठे सिंह कुठे कुत्रा. सगळ्यांत लुई बारावा आणि त्याची राणी आन यांची समाधी नीट बघा. वर दोघं गुडघ्यावर बसून प्रार्थना करतायत, झगे, मान, सगळा थाट. खाली वाकलात की तीच दोघं, उघडी, मेलेली, तोंड अर्धवट उघडं, आणि पोटावर मसाला भरून शिवलेली शिवण दगडात कोरलेली आहे, टाके मोजता येतात. मी तिथे वाकून बसले होते तर एक गार्ड येऊन हळूच म्हणाला, सगळे वरचंच बघून जातात.

१७९३ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतिवाल्यांनी ही थडगी फोडली, शिशाच्या पेट्या वितळवायला नेल्या, हाडं दोन खड्ड्यांत टाकली. राजा आंरी चौथा इतका शाबूत निघाला की त्याला लोकांना बघायला उभा करून ठेवला होता. गावाचं नावही बदलून फ्रांसियाद केलं, संत नको म्हणून. मग राजे परत आले, १८१५ मध्ये क्रांतीत डोकं उडवलेले राजा सोळावा लुई आणि राणी मारी आंत्वानेत यांचे अवशेष इथे आणले, १८१७ मध्ये खड्ड्यांतली हाडं वर काढून तळघरात ठेवली, आता कोणाचं कुठलं हाड ते देवालाच ठाऊक. त्या दोघांच्या मुलाचं, तुरुंगात दहाव्या वर्षी मेलेल्या पोराचं, हृदय डीएनए तपासून २००४ मध्ये इथे ठेवलंय, काचेच्या भांड्यात.

बाहेर आलात की चर्च एका बाजूला लंगडं वाटेल. उत्तरेचा मनोरा १८४० च्या दशकात धोकादायक झाला म्हणून उतरवला, तो आता परत बांधतायत, परांची लागलेली दिसेल. बाजूच्या मठाच्या इमारतीत नेपोलियनने मुलींची शाळा काढली ती अजून चालू आहे, लेजियों दोनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान मिळालेल्यांच्या मुली-नाती-पणत्यांसाठी. दुपारी बाजाराच्या गर्दीतून युनिफॉर्म घातलेल्या, गळ्यात रंगीत पट्टा अडकवलेल्या मुली जाताना दिसल्या तर त्या ह्याच.

आणि समोरच्या बाजूला त्रिकोणी गच्च्यांची, झाडं उगवलेली काँक्रीटची घरं आहेत, रने गायुस्ते या आर्किटेक्ट बाईंनी केलेली, मला आधी भंगार वाटली होती, आता मला तिथेच राहायचंय.

पायरी ५: कॅनॉलवरून चालत गाव वाचा

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पोर्त द पारीजवळून कॅनॉलवर उतरा आणि दक्षिणेला पॅरिसच्या दिशेने चालायला लागा. १८२१ मध्ये हा कॅनॉल सुरू झाला, साडेसहा किलोमीटर, सेनपासून ला व्हिलेतपर्यंत. याच्यामुळे आणि पुढे रेल्वेमुळे इथे कारखाने आले. प्लेयेल हे चौकाचं नाव पियानोच्या कारखान्यावरून पडलंय, १८६५ मध्ये तो इथे आला. क्रिस्तोफ्लची चांदीची भांडी इथे व्हायची, होचकिसच्या तोफा-बंदुका इथे. कामाला आधी ब्रिटनी या फ्रान्सच्याच पश्चिमेकडच्या प्रांतातले लोक आले, त्यांना फ्रेंच धड येत नव्हतं म्हणून लोक हसायचे (ऐकल्यासारखं वाटतंय ना?), मग इटालियन, मग स्पॅनिश, त्यांची ला प्लेनमध्ये 'छोटा स्पेन' नावाची वस्तीच होती, मग अल्जेरियन, पोर्तुगीज. कॅनॉलच्या पूर्वेला फ्रँ-म्वाझँला १९६० च्या दशकात पोर्तुगीजांची मोठी झोपडपट्टी होती, चिखल, एक-दोन नळ, ती उठवून तिथे आजचे उंच ब्लॉक बांधले.

कामगारांचं गाव म्हणून राजकारण लाल. रशियासारखं नाही, म्युनिसिपालटी लाल, म्हणजे दवाखाने, पोरांच्या सुट्टीतल्या सहली, स्वस्त घरं. त्यातही एक लाजिरवाणा अध्याय आहे, झाक दोरियो, १९३१ मध्ये कम्युनिस्ट मेयर झालेला लाडका नेता, पक्षाने काढल्यावर १९३६ मध्ये इथेच फॅसिस्ट पक्ष काढला आणि पुढे जर्मन युनिफॉर्म घालून लढला. गावातली जुनी माणसं हे नाव घेताना अजून तोंड वाकडं करतात.

कारखाने १९७०-८० मध्ये पटापट बंद पडले आणि गावाला जी गरिबी आली ती अजून पूर्ण गेलेली नाही. मग गॅस कारखान्याच्या ओसाड जमिनीवर स्ताद द फ्रान्स हे स्टेडियम आलं, २८ जानेवारी १९९८ ला उद्घाटन, १२ जुलैला ब्राझीलला ३-० हरवून फ्रान्स वर्ल्डकप जिंकला. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अतिरेकी हल्ल्यात याच स्टेडियमबाहेर स्फोट झाले, पाच दिवसांनी गावाच्या मध्यात पोलिसांची धाड, लोक त्याबद्दल फार बोलत नाहीत, तुम्हीही विषय काढू नका. २०२४ ला ऑलिंपिक. नवीन तरणतलाव स्टेडियमसमोर आहे, पादचारी पुलाने जोडलेला.

मॅच किंवा मोठी कॉन्सर्ट असेल त्या रात्री ऐंशी हजार माणसं एकदम सुटतात, कॅलेंडर बघून ठेवा आणि त्या वेळात बी आणि डी दोन्ही टाळा.

राहिलेलं थोडं

लॉन्ग स्टे व्हिसा आल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करायचा, हे सगळ्यात पहिलं काम, बाकी बाजार-बिजार नंतर. कुठल्याही काउंटरवर, दुकानात, बसमध्ये चढताना आधी 'बॉंजूर', मग प्रश्न. थेट 'एक्सक्यूज मी, व्हेअर इज' केलंत तर इथली माणसं थंड पडतात, आणि मग आपण म्हणतो फ्रेंच लोक उद्धट.

सुरक्षिततेचं खरं सांगायचं तर मेट्रोच्या दाराशी उभं राहून फोन हातात धरू नका, दार बंद होतानाच हिसकावतात, माझा लाइन १३ मध्ये असाच गेला. स्टेशनबाहेर सुट्ट्या सिगारेटी विकणारी पोरं पुटपुटत उभी असतात, ती काही करत नाहीत, मान हलवायची आणि पुढे. रात्री उशिरा मी स्टेशनच्या पायवाटेपेक्षा र्‍यू द ला रेप्युब्लिकवरून येते, दुकानं बंद असली तरी माणसं असतात. शेजार्‍यांशी ओळख ठेवा, माझ्या मजल्यावरच्या माली देशाच्या मावशींकडे माझी जास्तीची किल्ली असते आणि दिवाळीला चकल्या त्यांच्याकडेच सगळ्यात आधी जातात, त्यांना त्या फार तिखट लागतात तरी डबा रिकामाच परत येतो.

आणि हो, रविवारच्या बाजाराला उशीर झाला तर हरकत नाही, एकच्या सुमाराला आवराआवर सुरू झाली की एका जुडीच्या पैशात तीन मिळतात, पिशवी मात्र घरून न्या.